‘घरी न्या आणि सेवा करा’ म्हणजे घरी नेमके काय करायचे?

डोंगरवाट

नमस्कार. मी पाटण तालुक्यातील एका वाडीवर राहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. गेल्या वर्षी माझी आई गालाच्या कर्करोगाने गेली. तिने चाळीस वर्षे मिश्री लावली होती. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर किरणोपचार झाले आणि आठ महिन्यांच्या आत मानेवर पुन्हा गाठ दिसू लागली. आम्ही ज्या रुग्णालयात जात होतो तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले, आईला बाहेर बसवायला सांगितले आणि मला म्हणाले, ‘आता त्यांना त्रास देण्यात अर्थ नाही. घरी न्या आणि सेवा करा.’

ते कठोरपणे बोलले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. परंतु हाती आलेल्या कार्डावर वेदनाशामक गोळ्यांची दोन नावे आणि ‘गरज पडल्यास दाखवावे’ एवढेच लिहिलेले होते. मी चौथीच्या मुलांना भागाकार शिकवतानाही मधली पायरी गाळत नाही. इथे एका माणसाचे शेवटचे दिवस आमच्या स्वाधीन केले गेले होते आणि पहिली पायरीसुद्धा कोणी दाखवली नव्हती.

पहिले पाच आठवडे आम्ही जे केले त्याला सेवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आई बाजेवर असे. दुखणे वाढले की ती बाजेची सुंभ मुठीत धरून ठेवी आणि ओरडत नसे, कारण शेजारच्या खोलीत नातवंडे झोपलेली असत. सकाळी तिच्या तळहातावर दोरीचे वळ दिसत. गोळी दिली की तासभर बरे वाटे, मग पुन्हा तेच. जखमेला वास येऊ लागल्यावर येणारे-जाणारे दारातूनच विचारपूस करून परतू लागले, आणि एके दिवशी पत्नीला त्या जखमेत अळ्या दिसल्या. आम्ही दोघेही त्या दिवशी जेवलो नाही. आपल्या हातून काहीतरी पाप घडले आहे, असे वाटत राहिले.

पुढे एका सहकाऱ्याच्या ओळखीने घरोघरी जाऊन अशा रुग्णांना पाहणाऱ्या एका परिचारिकेची गाठ पडली. त्यांनी जखम धुवायला शिकवले, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी दोन एसटी बदलून मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्या घेऊन आलो. त्या रात्री आई सलग झोपली. सकाळी तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो म्हशीबद्दल, ती व्याली का म्हणून. पाच आठवड्यांत तिने दुखण्यापलीकडचे असे काही विचारलेच नव्हते. त्यानंतर ती सहा आठवडे जगली, आणि ते सहा आठवडे आम्हाला आमची आई परत मिळाली होती.

मला या धाग्यात शोकगाथा लिहायची नाही. ज्यांनी हे केले आहे किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया लिहावे, की ‘सेवा करा’ या दोन शब्दांत नेमके काय काय येते, ते गावात कसे साधावे आणि कुठे अडते.

शुश्रूषा

गुरुजी, अळ्यांचे आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत, कारण ते कोणी बोलत नाही. मी सोळा वर्षे परिचारिका आहे आणि त्यांपैकी नऊ वर्षे घरी जाऊन उपशामक सेवा देण्याचे काम करते. गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करत राहण्याचे, ज्याला सगळे पॅलिएटिव्ह केअर म्हणतात तेच हे काम. तोंडाच्या आणि मानेच्या उघड्या जखमेवर माशी बसली तर एक-दोन दिवसांत अळ्या होतात; तो घरच्यांचा निष्काळजीपणा नव्हे. टर्पेंटाइन तेलाचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरला की त्या बाहेर येतात आणि चिमट्याने काढता येतात, मात्र पहिल्या वेळी हे परिचारिकेकडूनच करून घ्यावे. नंतर दिवसभर मच्छरदाणी लावून ठेवावी. वासासाठी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर भुरभुरतात. ही गोळी तालुक्याच्या कोणत्याही औषध दुकानात मिळते आणि अगदी स्वस्त आहे. डॉक्टरांना विचारून वापरावी. वास गेला की माणसे पुन्हा बाजेजवळ येऊन बसतात, आणि रुग्णासाठी ते औषधाइतकेच महत्त्वाचे असते.

आपण ‘पहिली पायरी’ म्हणालात. माझ्या मते पहिली पायरी वेदना मोजणे ही आहे. रुग्णाला विचारावे की रुपयात किती आणे दुखते आहे. जुन्या माणसांना दहापैकी किती असे विचारले तर ते गोंधळतात, पण ‘बारा आणे दुखतंय’ असे उत्तर चटकन येते. ते वहीत वेळेसह लिहावे. डॉक्टरांना फोनवर ‘आईला फार त्रास होतो’ असे सांगण्यापेक्षा ‘काल रात्री दोन वाजता चौदा आणे होते, गोळीनंतर तासाने सहा आणे झाले’ असे सांगितले, तर त्यांना औषध ठरवता येते.

दुसरे म्हणजे मॉर्फिनची साधी गोळी दुखण्याकडे पाहून द्यायची नसते, ती घड्याळाकडे पाहून द्यायची असते. तिचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी लिहून दिलेली असते. दुखायला लागल्यावर देऊ असे म्हणून जे थांबतात, त्यांचा रुग्ण प्रत्येक वेळी दुखण्याच्या शिखरावर जाऊन येतो. मध्यरात्रीच्या डोसाऐवजी झोपताना किती द्यायचे, हे डॉक्टरांकडून स्वतंत्र लिहून घ्यावे, म्हणजे रुग्ण आणि घरचे दोघेही झोपू शकतील. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून जुलाबाची गोळी हवीच. या रुग्णांना इसबगोल देऊ नये. पाणी पुरेसे जात नसेल तर ते आत घट्ट बसते आणि त्रास वाढतो.

बाह्यरुग्ण

मी एका तालुक्याच्या गावी वीस वर्षे दवाखाना चालवतो. ‘कुठे अडते’ या प्रश्नाचे उत्तर माझ्या बाजूने देतो.

मॉर्फिन अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येते. त्या कायद्याने वेगवेगळ्या खात्यांचे इतके परवाने लावले की एका परवान्याची वाट पाहताना दुसऱ्याची मुदत संपत असे, आणि परिणामी रुग्णालयांनी व दुकानदारांनी ते ठेवणेच सोडून दिले. डॉक्टरांच्या दोन पिढ्या मॉर्फिनची गोळी हाती न धरता शिकून बाहेर पडल्या. मीही त्यांतलाच एक. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन यांसारखी सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ म्हणून वेगळी काढण्यात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना राज्याच्या औषध नियंत्रकांच्या एकाच परवानगीवर ती ठेवता येऊ लागली. याचा अर्थ असा की तालुक्यातले ग्रामीण रुग्णालयही, त्याने मनावर घेतले, एका डॉक्टरने प्रशिक्षण घेतले आणि नोंदवही नीट ठेवली, तर हे औषध देऊ शकते. कायद्याचा अडसर बराचसा निघाला आहे, मनातला मात्र तसाच आहे. ‘उगाच नसती भानगड नको’ हे वाक्य मी औषध विक्रेत्यांकडून, अधिकाऱ्यांकडून आणि पूर्वी स्वतःकडूनही ऐकले आहे.

यातला विरोधाभास मला टोचतो. मॉर्फिन जिच्यापासून बनते ती अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या शेतांत सरकारी परवान्याने पिकते. नीमच आणि गाझीपूर येथे तिचे सरकारी कारखाने आहेत. तिथली अफू परदेशातल्या औषध कंपन्यांपर्यंत पोचते, आणि पाटणच्या डोंगरातल्या बाईला सुंभ मुठीत धरून रात्र काढावी लागते.

राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ पासून आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयांत या सेवेचा कक्ष असणे अपेक्षित आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरे म्हणून आता ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांच्या कामातही तिचा समावेश आहे. काही ठिकाणी तो कक्ष खरोखर चालतो. काही ठिकाणी पाटी आहे आणि दाराला कुलूप आहे. आपल्या जिल्ह्यात काय स्थिती आहे, हे रुग्ण घरी नेण्यापूर्वीच जाऊन पाहून यावे. फोनवर विचारले तर उत्तर ‘सुरू आहे’ असेच येते.

माहेरवाशीण

डॉक्टरांचे आणि ताईंचे लिखाण वाचले. दोन्ही उपयोगी आहेत. परंतु ‘सेवा करा’ हे वाक्य पुरुषाला उद्देशून म्हटले जाते आणि सेवा घरातली बाई करते, हेही या धाग्यात कुठेतरी नोंदवले जावे, असे मला वाटते. गुरुजींच्या मूळ लेखातही अळ्या कोणाला दिसल्या ते पाहा.

माझ्या सासऱ्यांना पक्षाघात झाला आणि ते चौदा महिने अंथरुणावर होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, नळीतून पातळ भरवायचे, आणि हे सगळे सांभाळून शेतावर भाकरी पोचवायची. माझे वजन नऊ किलोने उतरले. माझ्या दिरांनी पुण्याहून येऊन ‘वडिलांना घरीच ठेवू, दवाखान्यात बेवारशासारखे नको’ असे सांगितले आणि संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. घरच्या मरणाचे कौतुक करण्यापूर्वी त्या घरात उचलायला किती हात आहेत, हे मोजले पाहिजे. दोनच हात असतील तर तो निर्णय रुग्णापेक्षा त्या दोन हातांना विचारून घ्यावा.

डोंगरवाट

आपले म्हणणे मान्य आहे, आणि मला ते लागलेही. जखम धुण्याचे काम पहिले दोन आठवडे पत्नीनेच केले. ‘आईला लाज वाटेल’ असे कारण मी स्वतःला देत होतो. आमच्याकडे येणाऱ्या त्या परिचारिकेने घरी आल्यावर मलाच पुढे बसवले आणि चिमटा माझ्या हाती दिला. आईला लाज वगैरे काही वाटली नाही. ‘लहानपणी तुझं मी काय काय काढलंय,’ एवढेच ती म्हणाली.

शुश्रूषा

मी हे सगळीकडे करते. घरातल्या मुलाला किंवा नवऱ्याला पहिल्या दिवशीच कामाला लावले नाही तर नंतर तो कधीच लागत नाही.

माहेरवाशीणताई, आपण केलेल्या चौदा महिन्यांना माझा नमस्कार. सेवा करणाऱ्या व्यक्तीला विश्रांती मिळावी म्हणून रुग्णाला काही दिवस सांभाळणारी जागा असणे हाही या सेवेचाच भाग आहे, आणि ग्रामीण भागात नेमके तेच नाही. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन अशा रुग्णांसाठी १९८६ मध्ये सुरू झाले, त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचे केंद्र १९९७ पासून विनामूल्य काम करते. पण साताऱ्याच्या किंवा गडचिरोलीच्या वाडीवरून तिथवर रुग्ण नेणे हाच एक आजार होऊन बसतो.

मलबारी मराठी

मी मूळचा सांगलीचा. नोकरीनिमित्त बारा वर्षे केरळमधल्या कोळिकोडमध्ये राहतो आहे. इथे हे काम ज्या पद्धतीने चालते ते पाहून मला आपल्याकडची परिस्थिती अधिकच खुपते, म्हणून सविस्तर लिहितो.

कोळिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये वेदना आणि उपशामक सेवेसाठी संस्था स्थापन केली. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आले, की बाह्यरुग्ण विभागापर्यंत जे पोचू शकतात ते रुग्ण थोडे आणि जे घरात पडून आहेत ते पुष्कळ आहेत. मग मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचेच जाळे उभे राहिले. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकेल अशा कोणालाही सोळा तासांचे शिक्षण द्यायचे, मग चार वेळा अनुभवी पथकाबरोबर घरभेटीला न्यायचे, अशी ती रीत होती. त्यांत रिक्षावाले होते, निवृत्त शिक्षक होते, गृहिणी होत्या. पैसा दुकानांतल्या डब्यांतून आणि दरमहा थोडे थोडे देणाऱ्या सामान्य लोकांकडून जमत असे. राज्य सरकारने २००८ मध्ये धोरण जाहीर केले ते या सगळ्याच्या नंतर, आणि पुढे ग्रामपंचायतींच्या निधीतून घरभेटी देणाऱ्या परिचारिका नेमल्या गेल्या.

मी स्वतः त्या शिक्षणाला बसलो आहे. त्यात मल्याळमपेक्षा मला जास्त अवघड गेले ते गप्प बसणे. पहिल्या घरभेटीत एका वृद्ध कोळ्याच्या उशाशी बसलो होतो. काहीतरी धीराचे बोलावे म्हणून मी तोंड उघडले, तेव्हा आमच्या परिचारिकेने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवले. पाच मिनिटांनी ते स्वतःच बोलू लागले. जाळे कोणाकडे द्यायचे, याची त्यांना काळजी होती. मरणाविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत.

केरळमध्ये घरे एकमेकांना लागून आहेत, रस्ते दारापर्यंत आहेत आणि परिचारिकांची वाण नाही. ते आपल्याकडे जसेच्या तसे होणार नाही, हे मला कळते. पण गावातले दहा जण सोळा तास शिकू शकत नाहीत, असे मला वाटत नाही. आपल्याकडे सप्ताह सात दिवस चालतो आणि त्यात पाच गावांच्या जेवणाची व्यवस्था विनातक्रार होते.

बाह्यरुग्ण

सप्ताहाचे उदाहरण चपखल आहे, तरी एक सावधगिरीची सूचना करतो. अन्नदानाला हात पुष्कळ येतात, कारण ते सर्वांच्या देखत होते. रात्री तीन वाजता मृत्युशय्येवरच्या माणसाची चादर बदलणे कोणी पाहत नाही. तिथे उत्साहापेक्षा नेमून दिलेली पाळी आणि हातात मानधन असलेली एक परिचारिका लागते. आशाताईंवर हेही काम टाकावे, असे कोणी सुचवण्यापूर्वीच लिहितो, की त्यांच्या अंगावर आधीच पुरेशी कामे आहेत.

जुना वाचक

माझा अनुभव उलट बाजूचा आहे. माझ्या वडिलांना यकृताचा कर्करोग होता आणि त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले होते, की मला माझ्या ओसरीवर मरू द्या. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांना ऊर्ध्व लागला. घरात चाळीस माणसे जमली होती. चुलते म्हणाले, ‘श्वास लागलाय आणि तुम्ही बघत बसलात? उद्या लोक काय म्हणतील?’ मी त्या प्रश्नासमोर टिकलो नाही. गाडी बोलावली, ऐंशी किलोमीटर नेले, अतिदक्षता विभागात नळ्या घातल्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या तीन दिवसांत मला त्यांना दोनदा, दहा दहा मिनिटे, काचेआडून पाहता आले. बिलासाठी बैलजोडी विकली, त्याचे दुःख नाही. दिलेला शब्द मोडला गेला, त्याचे आहे.

मला डॉक्टरांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तो श्वास लागला तेव्हा घरी काही करता आले असते का? आणि रुग्णालयात न नेल्याबद्दल कायद्याने आम्ही दोषी ठरलो असतो का?

बाह्यरुग्ण

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बरा न होणारा आजार शेवटाला आलेला असताना रुग्णाच्या इच्छेनुसार त्याला घरी ठेवून त्याचा त्रास कमी करत राहणे, ही वैद्यकाला मान्य असलेली उपचारपद्धती आहे. त्याला इच्छामरणाशी जोडण्याचे कारण नाही. ज्यांना रुग्णालयात गेल्यावरही यंत्रे नको आहेत, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आहे. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत होती. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट सैल झाली आणि आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. पण खरे सांगायचे तर गावात त्या कागदापेक्षा एक गोष्ट जास्त उपयोगी पडते. रुग्ण शुद्धीवर असताना त्याने आपली इच्छा चुलत्यांसमोर, म्हणजे जे शेवटच्या दिवशी आवाज चढवणार आहेत त्यांच्यासमोर, एकदा बोलून दाखवावी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शुश्रूषाताई अधिक चांगले देतील.

शुश्रूषा

काका, आपण त्या दिवशी जे केले ते घाबरून केले, आणि घाबरलात कारण पुढे काय दिसणार आहे, हे आपल्याला कोणीही आधी सांगितले नव्हते. आम्ही घरच्यांना ते आधीच सांगून ठेवतो.

शेवटच्या काही दिवसांत माणूस खाणे सोडतो. अन्न सोडले म्हणून तो मरत नसतो. शरीर मिटत चाललेले असते म्हणून त्याला अन्न नको असते. अशा वेळी बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जातो. सलाइन लावण्याचा आग्रह सगळीकडे होतो, पण ते पाणी शरीराला पेलवत नाही, पायांना सूज येते आणि छातीत घरघर वाढते. त्याऐवजी दर तासाला ओल्या कापसाने ओठ, जीभ आणि हिरड्या पुसाव्यात, ओठांना तूप लावावे. मग श्वास बदलतो. काही श्वास घाईने येतात, मग मोठा खंड पडतो, पुन्हा सुरू होतो. घशात साठलेल्या लाळेमुळे घरघर ऐकू येते. ऐकणाऱ्याला ते भयंकर वाटते, परंतु त्या वेळी रुग्ण बहुधा शुद्धीत नसतो. त्याला कुशीवर वळवले की ती बरीच कमी होते, आणि ती कमी करणारे इंजेक्शनही आहे, जे त्वचेखाली बसवलेल्या बारीक सुईतून घरी देता येते. धाप लागली असेल तर तोंडावर टेबलफॅनचा वारा सोडावा, उशी उंच करावी, खिडकी उघडावी आणि भोवतीची माणसे दूर करावीत. थोड्या मात्रेतले मॉर्फिन धापेलाही उपयोगी पडते, हे पुष्कळ डॉक्टरांनाही ठाऊक नसते. हात-पाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते, आणि मग फार वेळ उरलेला नसतो.

यातले काहीही आपल्या चाळीस माणसांना ठाऊक असते तर त्यांपैकी निदान पाच जण आपल्या बाजूने उभे राहिले असते.

टाळकरी

आमच्या भागात शेवटची घटका जवळ आली की माणसाला खाटेवरून उचलून खाली घोंगडीवर घेतात, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालतात. यावरून मी घरात मोठे भांडण झालेले पाहिले आहे. आजोबांच्या मणक्यात गाठ पसरलेली होती आणि उचलताना ते ज्या प्रकारे विव्हळले ते आजही माझ्या कानांत आहे. या प्रथा पाळाव्यात की सोडाव्यात, यावर परिचारिका काय सांगतात?

दुसरी एक व्यवहाराची गोष्ट लिहून ठेवतो, कारण घरी मृत्यू झाला की तिथेच लोकांची तारांबळ उडते. घरी झालेल्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांच्या आत करावी. ज्या डॉक्टरांनी शेवटी पाहिले असेल त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा. म्हणून शेवटच्या आठवड्यांत गावातल्या किंवा जवळच्या एका डॉक्टरने रुग्णाला एकदा तरी घरी येऊन पाहिलेले असावे.

शुश्रूषा

प्रथा सोडा, असे मी कधीच सांगत नाही. ज्या घरात मी दोन महिने जाते तिथे घोंगडीचा विषय मीच आधी काढते. हाडांत दुखणे असेल तर शेवटच्या आठवड्यात गादीच खाली जमिनीवर घेतो, तिच्यावर घोंगडी अंथरतो आणि वर मऊ चादर घालतो. मग शेवटच्या क्षणी उचलावे लागत नाही आणि म्हाताऱ्या आत्याबाईंचेही समाधान होते. गंगाजल चमच्याने ओतू नये, कापसाचा बोळा बुडवून ओठांना लावावा. हरिपाठ जरूर म्हणावा, हळू आवाजात. ऐकू येणे बऱ्याच उशिरापर्यंत टिकते, असे मानले जाते, म्हणून दहाव्याचा खर्च उशाशी बसून ठरवू नये.

पाटाचे पाणी

मी हा धागा गेले दोन दिवस वाचते आहे आणि आता लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग आहे. परवा, गुरुवारी, त्यांना घरी सोडणार आहेत. आम्हालाही तेच वाक्य ऐकवले गेले. घर माढा तालुक्यात आहे, घरात मी, आई आणि बारावीतला भाऊ एवढेच आहोत. गुरुवारपूर्वी काय काय जमवून ठेवू, ते कृपया सांगाल का?

शुश्रूषा

ताई, रुग्णालयातून निघण्यापूर्वीची कामे आधी सांगते, कारण घरी पोचल्यावर ती होत नाहीत. सुटीच्या कार्डावर आजाराचे नाव, तो कोणत्या टप्प्यात आहे आणि ‘पुढे उपशामक उपचार’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्या. वेदनेची औषधे वेळेसह लिहून घ्या आणि मॉर्फिन देत असतील तर चिठ्ठीची प्रत सतत गोळ्यांसोबत ठेवा. नळी घातलेली असेल तर त्यातून भरवताना रुग्णाला किती उठते बसवायचे, हे तिथल्या परिचारिकेसमोर स्वतः एकदा करून दाखवा. रात्री फोन उचलेल अशा एका माणसाचा क्रमांक मिळवा. आपण सोलापूर जिल्ह्यात आहात, तर बार्शीचे कर्करोग रुग्णालय आपल्याला तुलनेने जवळ आहे. तिथे वेदनेच्या औषधांविषयी भाऊ उद्याच जाऊन चौकशी करू शकेल.

घरासाठी हवेची गादी भाड्याने मिळते का पाहा. वीज जात असेल तर तिच्यावर विसंबू नका, दर दोन तासांनी कूस बदलाच. मेणकापड, दोन बादल्या, टेबलफॅन, विजेरी. तोंडातून रक्त येण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल तर गडद रंगाचे दोन टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या कापडावर थोडे रक्तही फार दिसते आणि रुग्ण घाबरतो.

माहेरवाशीण

एक भर घालते. आजीचे किंवा आईचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले नऊवारी लुगडे घरात असेल तर ते काढून ठेव. चौघडी करून चादरीवर आडवे, खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल असे घालायचे. दोन बाजूंनी दोघींनी धरले की वडिलांना न ओढता वर सरकवता येते आणि कुशीवरही वळवता येते. मला हे आठव्या महिन्यात कळले, तोवर माझी कंबर गेली होती. आणि भावाची बारावी असली तरी रात्रीची एक पाळी त्याला दे.

डोंगरवाट

आमच्याकडची हवेची गादी पडून आहे. मोटर चालू आहे, एका जागी पंक्चर काढलेले आहे. कराडहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत ती उद्या सकाळी ठेवता येईल. आपण मला खाजगी निरोपात गावाचा थांबा कळवावा.

पाटाचे पाणी

निरोप पाठवला आहे. लुगडे सापडले, आजीचे आहे, हिरवे. आईने ते आत्ताच धुऊन वाळत घातले आहे.